क्लॉइझोने फुलदाणी ओळखायची तर शिक्का शेवटी बघा, तार आधी बघा

चिनी किंवा जपानी क्लॉइझोने फुलदाणी, म्हणजे धातूवर तारेचे खण करून त्यात काचेचा रंग भाजलेली, हातात आली की बहुतेक लोक पहिल्यांदा ती उलटी करतात आणि खालचा शिक्का बघतात, आणि माझं म्हणणं असं की नेमकं हेच सगळ्यात शेवटी करायचं. या मालात शिक्क्याइतकं खोटं दुसरं काहीच बोलत नाही. शिक्का कधीही मारता येतो, पण तार कशी बसवलीय, रंग कसा भरलाय, कड कशाची आहे, आतून काय लावलंय हे सगळं खोटं करायचं तर अख्खी वस्तूच नव्याने जुन्या पद्धतीने बनवावी लागते आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

आधी हे बनतं कसं ते नीट समजून घेऊ, कारण ओळखण्याच्या सगळ्या युक्त्या त्यातूनच निघतात. तांब्याचा सांगाडा घेतात, जुन्या चिनी मालात तो बऱ्याचदा ओतीव कांशाचा आणि चांगला जड असतो. त्यावर चपटी बारीक तार चिमट्याने वाकवून काठावर उभी बसवत जातात, त्यातून पाकळी, ढग, ड्रॅगनचा खवला असे छोटे छोटे खण तयार होतात. तार जागेवर धरायला एका ऑर्किडच्या कंदाचा चिकट डिंक वापरतात, चीनमध्येही तोच आणि जपानमध्येही तोच, फरक एवढाच की चिनी कारागीर त्यावर डाख देऊन तार सांगाड्याला पक्की करतो आणि जपानी कारागीर बहुतेक वेळा मीन्याच्या पहिल्या थरातच तिला बसू देतो. मग खणांत मीना भरायचा, म्हणजे काचेची पूड, धातूंच्या ऑक्साइडनी रंगवलेली, पाण्यात कालवून. भट्टी साधारण 800 अंश सेल्सिअसची. तांबं वितळतं 1085 ला, त्यामुळे काच वितळते आणि सांगाडा टिकतो. पण पूड वितळली की खाली बसते, खण अर्धा रिकामा होतो, म्हणून परत भरा परत भाजा असं तीन-चार वेळा तरी चालतं. शेवटी सगळं घासून तार आणि काच एका पातळीत आणतात आणि पॉलिश करतात, चिनी मालात वर दिसणाऱ्या तारेला आणि कडांना सोन्याचा मुलामा देतात.

आपल्याकडची जयपूरची मीनाकारी पाहिली असेल तर लगेच वाटतं की हे तेच, पण तसं नाहीये. मीनाकारीत धातूच कोरून खड्डे पाडतात आणि त्यात रंग भरतात, तार बसवत नाहीत. असाच खड्ड्यांतला मीना असलेल्या जड कांशाच्या जपानी फुलदाण्याही भरपूर मिळतात, त्यांना शांलव्हे म्हणतात, आणि बाजारात त्या सर्रास क्लॉइझोने म्हणून खपवतात. ओळखायला सोपं आहे, दोन रंगांमधली धातूची भिंत जाड, कमीजास्त रुंदीची असेल आणि ती सांगाड्यातूनच वर आल्यासारखी दिसत असेल तर तो शांलव्हे. तार असेल तर ती सुरू कुठे होते आणि संपते कुठे ते भिंगातून सापडतं.

आता चीनकडे. ही कला तिथली मूळची नाही, पश्चिमेकडून, बायझंटाइन आणि इस्लामी जगातून ती साधारण युआन काळात (तेराव्या-चौदाव्या शतकात) तिकडे पोचली आणि 1388 च्या एका चिनी संग्राहकाच्या ग्रंथात तिला अरबांकडचं काम असंच म्हटलंय. खात्रीने तारीख लावता येईल अशा सगळ्यात जुन्या चिनी वस्तूंवर शुआनदे बादशहाचा शिक्का आहे, म्हणजे 1426 ते 1435. ब्रिटिश म्युझियममध्ये ड्रॅगनचा एक मोठा झाकणाचा रांजण आहे तो याच काळातला, त्याचे फोटो नेटवर बघून ठेवा, मिंग काळातला (1368 ते 1644) खराखुरा माल कसा दिसतो ते डोळ्यात बसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पुढे 1450 ते 1457 अशी सात-आठ वर्षं जिंगताई नावाचा बादशहा होता, आणि या कलेला चीनमध्ये आजही त्याच्याच नावाने जिंगताईलान म्हणतात. घोळ इथेच झाला. नाव त्याचं पडलं, त्याचा काळ म्हणजे या कामाचा सुवर्णकाळ असा समज रूढ झाला, मग नंतरच्या प्रत्येक शतकात कारागिरांनी त्याचा शिक्का मारला, जुन्या खऱ्या वस्तूंचे तळ बदलूनसुद्धा मारला. त्यामुळे जिंगताईचा शिक्का दिसला तर खूश होऊ नका, ती फुलदाणी बहुतेक नंतरचीच असणार. चियेनलाँगच्या शिक्क्याचंही तसंच, 1736 ते 1795 या त्याच्या राज्यात महालांसाठी आणि देवळांसाठी अफाट माल बनला हे खरं, पण बाजारातले त्याचे शिक्के त्याहून कितीतरी जास्त आहेत.

मग वय कशावरून ठरवायचं? मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे गुलाबी रंग. मिंग काळात चिनी कारागिराकडे गुलाबी मीना नव्हताच. कमळाच्या पाकळीला गुलाबी छटा द्यायची तर तो एकाच खणात लाल पूड आणि पांढरी पूड मिसळून भरायचा. भट्टीत दोन्ही वितळायचे पण एकजीव व्हायचे नाहीत, त्यामुळे दहापट भिंगातून बघितलं की त्या पाकळीत पांढऱ्यावर लाल ठिपके स्पष्ट वेगळे दिसतात, लांबून मात्र डोळा त्याला गुलाबी म्हणतो. सपाट, एकसारखा, दुधी गुलाबी रंग येतो सोन्यापासून, आणि ते तंत्र चीनला युरोपकडून मिळालं अठराव्या शतकात. म्हणजे फुलदाणीवर असा स्वच्छ गुलाबी असेल आणि खाली मिंगचा शिक्का असेल तर गोष्ट तिथेच संपली, पुढे काही बघायची गरजच नाही. उलटं मात्र खरं नाही हां, ठिपक्यांचा गुलाबी नंतरही वापरलेला आहे आणि नकली मालातही असतो, त्यामुळे ठिपके दिसले म्हणून मिंग असं समजू नका.

तारेचंही वय कळतं. जुन्या मिंग वस्तूंत तार ठोकून केलेली असते, जाडी कमीजास्त, भिंगाखाली कधी कधी तारेच्या मधोमध लांबट चीर दिसते. पुढे जंत्रातून, म्हणजे बारीक भोकांच्या पट्टीतून, ओढलेली तांब्याची तार आली, ती बारीक आणि एकसारखी. जुन्या मीन्यात हवेचे बुडबुडे राहून पृष्ठभागावर बारीक भोकं पडलेली असतात आणि ती रंगीत मेणाने बुजवायची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मीना जास्त सफाईदार होत गेला. म्हणजे अगदी आरशासारखी गुळगुळीत, एकही भोक नसलेली, चकचकीत सोनेरी तारेची फुलदाणी जर पंधराव्या शतकातली म्हणून विकत असतील तर सरळ पुढच्या दुकानात जा.

बाजारात आपल्यासारख्यांना प्रत्यक्षात जे मिळतं ते मुख्यतः 1880 नंतरचं. 1860 मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगचा जुना उन्हाळी महाल लुटला, तिथल्या वस्तू युरोपात गेल्या, फाँतेनब्लोच्या राजवाड्यात सम्राज्ञी युजेनीने 1863 मध्ये त्यांचं वेगळं दालनच केलं, आणि युरोपात या कामाची क्रेझ सुरू झाली. मग बीजिंगमधल्या खाजगी कारखान्यांनी निर्यातीसाठी माल काढायला सुरुवात केली, त्यातलं लाओ तियेन ली हे नाव सगळ्यात प्रसिद्ध आणि त्यांचा शिक्का असलेलं काम खरंच चांगलं असतं. इथे तळावरचा एक इंग्रजी शब्द मात्र उपयोगी पडतो. अमेरिकेच्या 1890 च्या मॅककिन्ली कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं, त्यामुळे नुसतं चायना कोरलेलं असेल तर वस्तू साधारण 1891 नंतरची आणि अमेरिकेच्या बाजारासाठीची. मेड इन चायना असेल तर आणखी नंतरची. काहीच लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण सगळाच माल अमेरिकेला जात नव्हता, आणि कागदी लेबलं तर गळूनच जातात.

1949 च्या सुमाराला बीजिंगमधला हा धंदा जवळजवळ बंद पडला होता. तो वाचवायला ज्यांनी धडपड केली त्यात वास्तुरचनाकार लिन हुइयिन यांचं नाव फार मोठं आहे, आजारी असताना त्यांनी छिंगह्वा विद्यापीठातल्या तरुण मुलांना घेऊन नवीन डिझाइनं काढली. 1956 मध्ये बीजिंग इनॅमल फॅक्टरी उभी राहिली आणि 2006 मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत आली. आज घराघरांत दिसणाऱ्या निळ्याशार फुलदाण्या, पिवळी तार, मोठाली शेवंतीची फुलं, आतून फिरोजी निळा मीना, या बहुतेक 1950 नंतरच्या. त्यांना हलकं समजू नका, नीट केलेली असेल तर ती हातानेच केलेली असते, फक्त तिला अँटिक म्हणून पैसे देऊ नका.

जपानची कथा फार वेगळी आणि मला विचाराल तर जास्त थरारक आहे, कारण तिथे सगळं साधारण 80 वर्षांत घडलं. नागोयाजवळ ओवारी प्रांतात काजी त्सुनेकिची (1803 ते 1883) नावाचा एक सामुराई घराण्यातला माणूस होता. त्याला 1833 च्या सुमारास परदेशातून आलेली एक क्लॉइझोने वस्तू मिळाली, ती त्याने चक्क फोडून बघितली, आत तांब्याचा सांगाडा आणि तारा सापडल्या आणि त्यावरून तो स्वतः शिकला. त्याच्या शिष्यांमुळे नागोयाच्या बाजूचं एक गाव या कामासाठीच ओळखलं जायला लागलं. सुरुवातीच्या या जपानी मालात मीना मळकट, अपारदर्शक, गडद हिरवट असतो आणि रिकामी जागा म्हणून नसतेच, सगळीकडे तारेची वेटोळी.

ही वेटोळी का असतात हे समजलं की निम्मं काम झालं. मोठ्या मोकळ्या जागेत मीना धरून राहात नाही, भाजताना ओघळतो, थंड होताना तडकतो, म्हणून त्याला पकड मिळावी यासाठी पार्श्वभूमीत ढगांच्या, वेलींच्या, चौकटींच्या तारा घालाव्या लागतात. चिनी मालात ही वेटोळी शेवटपर्यंत राहिली आणि ती त्याची शैलीच झाली. जपान्यांना मात्र ती काढून टाकायची होती. गॉटफ्रीड वागेनर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ 1868 मध्ये जपानला आला, त्याने मीन्याची रसायनं सुधारली, रंग स्वच्छ झाले, चकाकी आली, आणि मुख्य म्हणजे मोठ्या जागेत मीना न तडकता राहायला लागला. क्योतोच्या नामिकावा यासुयुकीने (1845 ते 1927) त्यातून तो आरशासारखा काळा रंग साधला. त्याच्या फुलदाणीवर काळ्याभोर मोकळ्या जागेत एका बाजूला फुलांची फांदी, दोन पक्षी, बास. तार चांदीची, कधी सोन्याची, आणि केसासारखी बारीक.

तोक्योच्या नामिकावा सोसुकेने (1847 ते 1910) तर 1880 च्या आसपास तारच काढून टाकली. शेवटच्या भाजणीआधी तारा उपसून घ्यायच्या, रंग एकमेकांत किंचित मिसळू द्यायचे, म्हणजे शाईच्या चित्रासारखं धुकं, पाऊस, बर्फ उमटतं. याला मुसेन म्हणतात. तोक्योच्या आकासाका महालात (1909 मध्ये पूर्ण झालेला) फुलं-पक्ष्यांच्या दालनात त्याच्या 30 तबकड्या भिंतीत बसवलेल्या आहेत, तोक्योत राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्यांनी त्या न बघता येऊ नये. दोन्ही नामिकावांचं एकमेकांशी नातं नाही, आडनावाची चित्रलिपी पण वेगळी, पण 1896 मध्ये दोघांनाही शाही कारागीर हा मान मिळाला आणि तेव्हापासून आजपर्यंत लोक त्यांचा घोळ घालतात. क्योतोवाल्याची सही बहुतेक वेळा तळावर बसवलेल्या छोट्या चांदीच्या पट्टीवर कोरलेली असते. पट्टी म्हटलं की ती नंतर चिकटवता येते हे ओघाने आलंच, म्हणून पट्टीआधी काळ्या रंगाकडे बघा.

नागोयात आंदो कंपनी 1880 मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. त्यांच्याकडे कावादे शिबातारो हा प्रमुख कारागीर होता, ज्याने मीन्याचं उठावाचं काम साधलं, आणि पाठीमागचा सांगाडाच काढून टाकलेला, खिडकीच्या काचेसारखा आरपार दिसणारा प्रकारही जपानमध्ये साधला. तांब्यावर चांदीचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक मीना चढवला की त्याला गिंबारी म्हणतात, लाल असेल तर आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. आणखी एक प्रकार आपल्या बाजारात दिसतो तो म्हणजे चहाच्या रंगाचा, आत सोनेरी कण चमकणारा पृष्ठभाग, तो जवळपास हमखास जपानी, मेजी काळातला (1868 ते 1912) किंवा त्यानंतरचा निर्यातीचा माल.

तर समोर टेबलावर फुलदाणी आहे आणि ती चिनी की जपानी हे ठरवायचंय. मोकळी जागा भरपूर, चित्र एका बाजूला कललेलं, कड चांदीची किंवा चांदीसारखी, वजनाला हलकी, बाहेरचा तळ संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत मीन्याचा, तर जपान. नक्षी सगळीकडे सारखी पसरलेली, पार्श्वभूमीला ढगांची किंवा चौकटींची तार, कड आणि पायाला सोनेरी मुलामा, आत फिरोजी निळा, हाताला जड, तर चीन. (आतून मीना का लावतात तर बाहेरची काच थंड होताना सांगाड्याला ओढते, आतून तसाच थर दिला की ताण दोन्हीकडे सारखा होतो.) ड्रॅगनच्या नखांवरून देश ठरवायचा प्रयत्न करू नका, दोन्हीकडच्या कारागिरांनी गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे पाहिजे तशी नखं काढली आहेत.

किंमत ठरते ती मात्र अवस्थेवर, आणि इथे दया माया नाही. सांगाडा पातळ तांब्याचा, वर काच. फुलदाणी पडली की तांब्याला पोचा पडतो आणि त्या पोच्याभोवती काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. चिनी मातीचं भांडं जोडता येतं तसं हे जोडता येत नाही, परत भट्टीत घालावं तर बाकीचा मीना बिघडायची भीती, म्हणून दुरुस्ती बहुतेक रंगीत रेझिनने किंवा मेणाने करतात. ती पकडायची कशी? खोलीचे दिवे मंद करून फुलदाणी तिरक्या उजेडात हळूहळू फिरवा आणि पृष्ठभागावरच्या उजेडाच्या रेषेकडे बघत राहा. काच आहे तिथे रेषा धारदार राहते, रेझिन आलं की ती जराशी मऊ होते, लहरते. त्याच जागी बोट ठेवा, काच थंड लागते, रेझिन कोमट. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात तो मारा, दुरुस्तीचा भाग बऱ्याचदा वेगळाच उजळतो. आणि तारेकडे बघा, दुरुस्तीत तार तुटक असते किंवा सोनेरी रंगाने नुसती काढलेली असते. काळ्या जपानी फुलदाणीवर केसभर तडा उघड्या डोळ्यांना दिसतच नाही, तो फक्त या तिरक्या उजेडातच सापडतो, म्हणून नुसत्या फोटोवर महाग काळी फुलदाणी घेऊ नका, विकणाऱ्याकडून तिरक्या उजेडातला व्हिडिओ मागा, आतल्या बाजूचाही मागा, कारण बाहेरून भरलेला पोचा आतून हाताला लागतो.

अगदी नकली माल पण आहे. खणांत भाजलेल्या मीन्याऐवजी थंड रेझिन ओतलेलं असतं, वजन कमी आणि नखाने टकटक केलं तर आवाज प्लास्टिकसारखा बद्द येतो. जुनं दिसावं म्हणून ॲसिड आणि काळं लावलेलं असतं, पण खरा वापर झालेली फुलदाणी जिथे टेकते तिथे, पायाच्या कडेवर आणि जिथे हात लागतो त्या मानेवर झिजते, सगळीकडे सारखी मळत नाही. पायाची कड नवी कोरी आणि नक्षीच्या खाचांत मात्र काळं भरलेलं असेल तर ते भरलेलंच आहे.

सुरुवात करायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या नावांच्या मागे लागू नका. सही नसलेली पण सफाईदार, छोटी, एकही तडा नसलेली नागोयाची फुलदाणी घ्या, मेजी काळात असं काम शेकडो हातांनी केलं आणि बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. सही असलेली पण फुटकी घेण्यापेक्षा ही रोज बघाल तेव्हा जास्त शिकवेल. जोडी असेल तर ती सुटी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेला चिनी-जपानी कलावस्तूंचा विभाग आहे, तिथे जाऊन त्या देशांची नक्षी आणि आकार मनसोक्त बघा, तो डोळा चोर बाजारात उपयोगी पडतो. परदेशातल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जुनी फुलदाणी पाठवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा, 100 वर्षांहून जुन्या वस्तूंना आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो आणि त्या बाहेर नेता येत नाहीत, आणि वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागू शकतो.

घरी आणल्यावर तिला चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावायचं नाही, समईचं पितळ त्याने लखलखतं पण इथे सोन्याचा मुलामा निघून जातो आणि परत येत नाही. मऊ कोरडं फडकं पुरे, फारच मळली असेल तर किंचित ओलं करून लगेच पुसा. ताजी फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेचा किंवा प्लास्टिकचा ग्लास ठेवून त्यात पाणी घाला, कारण आतल्या मीन्याला कुठे तडा असला तर पाणी त्यातून तांब्यापर्यंत जातं आणि आतल्या आत हिरवा गंज धरतो.